संख्येतील चित्रकाव्य

एकाचा अंक नऊ वेळा लिहिला की १११११११११ ही संख्या होते. तिचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१. ही संख्या डावीकडून वाचली काय नि उजवीकडून वाचली काय, सारखीच. ती सतरा अंकी आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थाननामांत सतराव्या स्थानाचे नाव 'मध्य' आणि अठराव्याचे 'परार्ध'. म्हणजे परार्धाच्या अलीकडची ही एकच पायरी.

१, १२१, १२३२१ अशा क्रमाने वाढणाऱ्या या संख्यांना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) यांनी 'डेम्लो संख्या' म्हटले. ज्या रेल्वे स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली त्याचे हे नाव. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकत असता १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. परांजपे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुर्डीचे. १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर ठरलेले पहिले भारतीय. कापरेकर मात्र १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर राहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कुठे त्यांचे नाव जगभर पोहोचले.

अशा गणिताला 'नुसता अंकांचा खेळ' म्हणणाऱ्यांचा आक्षेप समजून घ्यावा असा आहे. वरील संख्येचे अवयव ३, ३७ आणि ३३३६६७ या मूळ संख्यांचे आहेत. हा गुण संख्येचा स्वतःचा. ती कोणत्याही पद्धतीने लिहा, तो बदलत नाही. उलटसुलट वाचनाचा गुण मात्र दशमान लेखनाचा आहे. हीच संख्या संगणकाच्या द्विमान पद्धतीत लिहिली की तो समतोल नाहीसा होतो. दशमानातही एकाचा अंक दहा वेळा लिहून वर्ग केला, तर हातच्यामुळे १२३४५६७९००९८७६५४३२१ येते आणि रचना मोडते.

साहित्याच्या अभ्यासकाला हा वाद ओळखीचा वाटेल. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त व्यंग्यार्थाविना असलेल्या चित्रकाव्याला 'अवर' ठरवले. 'कनक' हा शब्द उलटा वाचला तरी 'कनक'च राहतो. त्याच्या जागी 'सोने' घातले की अर्थ टिकतो, गंमत जाते. पण भाषांतरात जे हरवते ते साहित्यात गौण असते, असे आपण एरवी म्हणत नाही. ओवीची चाल, यमक, श्लेष ही सारी त्या त्या भाषेला बांधलेली असतात, आणि म्हणूनच आपण ती वर्गात शिकवतो.

कापरेकरांनी संख्येइतकेच तिच्या लिपीकडे लक्ष दिले. या लेखनाला नियम असतात, नियमांतून अनपेक्षित रचना निघतात आणि त्या सिद्ध करता येतात, हे त्यांनी दाखवले. ज्या दशमान पद्धतीत 'लीलावती' लिहिली गेली, त्याच पद्धतीचे हे व्याकरण आहे. त्याला खेळ म्हणायला हरकत नाही. मात्र 'नुसता' हा शब्द वगळावा.