माळ, मेंढरं आणि मोसम

दख्खनच्या पर्जन्यछायेत, माण-खटाव-सांगोल्याच्या माळांवर, वर्षाकाठी जेमतेम 500 मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. गवत आषाढात फुटते, आश्विनाच्या सुमारास बी धरते आणि थंडीत वाळते. पवन्या आणि मारवेल ही उत्तम चाऱ्याची गवते बी पडण्याआधी दरसाल खुडली गेली, तर त्यांच्या जागी कुसळी माजते. कोवळी असेतो ती मेंढरू खाते. पुढे तिची कुसळे तोंडाला आणि लोकरीला टोचतात.

गवतांचा हा तोल मेंढरे पाळणाऱ्या हटकर धनगरांच्या चालण्यावर टिकून होता. पावसाळा घरच्या माळावर काढून दिवाळीनंतर त्यांचे वाडे, म्हणजे एकत्र फिरणाऱ्या कुटुंबांचे जथे, बिऱ्हाड घोड्यावर लादत आणि घाट उतरत. कोकणात तोवर भाताची कापणी उरकलेली असे. शेतकरी मोकळ्या खाचरात रात्री मेंढरे बसवून घेई आणि लेंडीखताच्या बदल्यात धान्य देई. मृगाआधी परतणे भागच होते, कारण कोकणच्या चिखलात दख्खनी मेंढीचे खूर सडतात. माळ सुकलेला असे त्या सगळ्या महिन्यांत कळपांचा भार त्याच्यावर पडतच नसे. ही व्यवस्था कागदावर कुठे नव्हती, पण तिच्यात चाऱ्याचे जाणते गणित होते.

मराठेशाहीत घोडदळासाठी कुरणे राखली जात आणि चराईवर वनचराईचा कर असे. तरी वाटा खुल्या राहिल्या. इंग्रजी जमीन मोजणीने मात्र नांगर न लागलेली जमीन पडीक ठरवली. 1878 च्या वन कायद्याखाली डोंगरउतार राखीव झाले. 1883 मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी गायराने जंगल खात्याने गिळल्याची तक्रार केली आहे. उरलेल्या तुकड्यांवर जनावरांची दाटी झाली, गवत खुरटले आणि दोष मेंढपाळाच्या माथी आला. हा आरोप अन्यायाचा होता.

पुढे कालवे आले, उसाने मुक्कामाची राने व्यापली. 1979 मध्ये सोलापूर-अहमदनगर भागात माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. पण ‘पडीक’ हा शिक्का पुसला गेला नाही. अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावरही गिरिपुष्पाच्या झाडांची लागवड झाली. पवन्याला भरपूर ऊन लागते आणि माळढोकाला मोकळे रान. झाडांच्या दाटीत दोन्हींची जागा आक्रसली.