कुणाच्या बापाची नाही

एप्रिल १६४९. इंग्लंडातल्या सरे परगण्यातली सेंट जॉर्जेस हिल. तुमच्या हातात कुदळ आहे, दांडा दवानं ओला. पहिला घाव घालता तेव्हाच कळतं, जमीन रेताड आहे, पिकापेक्षा झुडपांची मुळंच जास्त निघणार. गायरानच ते, इथं कधी कुणी पेरलेलं नाही. शेजारची बाई गाजराचं बी टाकतेय. जानेवारीत राजाचं, पहिल्या चार्ल्सचं, मुंडकं उडवलं गेलं. धान्य मात्र तेवढंच महाग.

पुढे खणतोय तो जेरार्ड विन्स्टनली. लंडनमध्ये त्याचा कापडाचा धंदा बुडाला, मग कोभमला येऊन त्यानं गुरं राखली. आता तो सांगतोय की जमीन कुणाच्या बापाची नाही, सगळ्यांची आहे. लोक त्यांना ‘डिगर्स’ म्हणतात, म्हणजे खणणारे. सेनापती फेअरफॅक्स त्याला बोलावून घेतो, तेव्हा तुम्हीही मागे उभे राहा. विन्स्टनली डोक्यावरची टोपी काढत नाही. एवढ्याशा गोष्टीनं आजूबाजूच्यांचे चेहरे कसे ताठरतात ते बघा.

मग गावकरी येतात. झोपड्या मोडतात, पीक तुडवतात. ऑगस्टमध्ये चंबूगबाळं उचलून तुम्ही लिटल हीथला जाता. तिथं प्लॅट नावाचा पाद्री तुमच्या मुळावर उठतो. १६५० च्या एप्रिलमध्ये घरं पेटतात. वर्षभराचाच सगळा खेळ.

हे वर्ष तुम्हाला दाखवतो तो ‘विन्स्टनली’ हा १९७५ चा कृष्णधवल चित्रपट. केव्हिन ब्राऊनलो आणि अँड्र्यू मोलो या जोडीनं तो केला, डेव्हिड कॉटच्या कादंबरीवरून, ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या तुटपुंज्या पैशांत. पैसे नव्हते, पण हट्ट अफाट. शिपायांच्या अंगावरची चिलखतं लंडनच्या टॉवरमधून आणलेली, खरी. पायात घुटमळणारं डुक्करसुद्धा जुन्या, दुर्मीळ जातीचं शोधून आणलेलं. विन्स्टनली झालेला माइल्स हॅलिवेल शाळामास्तर होता. फेअरफॅक्सचं काम करणारा जेरोम विलिस सोडला तर कसलेला नट जवळजवळ नाहीच. आणि धिंगाणा घालणाऱ्या ‘रँटर’ लोकांचा म्होरक्या? तो सिड रॉल, स्वतःच्या काळातही रिकाम्या जागांवर बिऱ्हाडं थाटणाऱ्यांचा पुढारी. त्याला अभिनय फारसा करावा लागला नसावा. मूळ टेकडीवर चित्रीकरण करायची सोय नव्हती. तिथं आता श्रीमंतांचे बंगले आणि गोल्फचं मैदान आहे.

खोटं कशाला बोलू, काही संवाद पाठ केल्यासारखे येतात, आणि गोष्ट मध्येच रेंगाळते. सुरुवातीची लढाई प्रोकोफिएवच्या संगीतावर तडाखेबंद कापलेली आहे. तेवढ्यावर भाळून बसलात तर पुढचा संथपणा जड जाईल. पण मला तो संथपणाच हवासा वाटतो. भपकेबाज ऐतिहासिक चित्रपटांत पोशाखांना चिखल लागत नाही, कुणाला सर्दी होत नाही. इथं ओल्या लोकरीचा वास येईल असं वाटतं. विन्स्टनलीचे शब्द बरेचसे त्याच्याच पत्रकांतले आहेत, आणि ते कानी पडतात तेव्हा पडद्यावर कुणीतरी नुसतं खणत असतं.

पावसाळ्यातल्या एखाद्या रात्री लावा. पांघरूण जरा लांबच ठेवा.