खिशातला नियम : हातरुमालापासून मोबाईलपर्यंत

माढ्यात बोलायला उभं राहिलं की आम्हांला थोडा संकोच होतो. समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक आमच्यापेक्षा जास्त वर्षं मैदानावर उभे राहिलेले असतात. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. खेळाशी आमचा संबंध आला तो निवृत्तीनंतर, आणि तोही तक्रार समितीतल्या खुर्चीपुरता. गावात एक रिकामा प्राध्यापक आहे, त्याला बसवा, असा तो प्रकार.

मागे शालेय स्पर्धांच्या दिवसांत दोन तरुण पंच घरी आले होते. त्यांचा प्रश्न साधा होता. "सर, नियमांचं ॲप ठेवावं की पीडीएफ ठेवावी?" आम्ही चहा पिता पिता म्हटलं, "काहीही ठेवा, पण वाचा." पोरं हसली आणि गेली. नंतर आमच्या लक्षात आलं की आपण उत्तर टाळलं. आजचं व्याख्यान म्हणजे ते उशिरा दिलेलं उत्तर आहे. पण ते द्यायचं तर मागे जावं लागेल, नियम कोणाच्याच खिशात नव्हता त्या काळापर्यंत.

आमच्या आजोबांच्या पिढीला हुतूतूचं पुस्तक माहीत नव्हतं. नियम असायचा तो कडेला बसलेल्या म्हाताऱ्याच्या डोक्यात. तो म्हणाला बाद, की बाद. एका गावात हे छान चालतं, कारण सगळ्यांना म्हातारा माहीत असतो. अडचण होते शेजारच्या गावाशी खेळताना. एकच खेळ तीन तऱ्हांनी खेळला जायचा. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी उठायचा. गामिनीत एकदा मेला तो मेला, सगळा संघ संपेपर्यंत बाहेर. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नाही, नुसते गुण मोजायचे. आता सांगा, एक संघ संजीवनी खेळत आलाय आणि दुसरा गामिनी, तर भांडण खेळाडूंचं असेल की व्याकरणाचं? कुर्डुवाडी जंक्शनवर उभं राहिलं की कळतं, रेल्वे आली आणि माणूस लांब जाऊ लागला. लांब गेलेल्या माणसाला आपला म्हातारा बरोबर नेता येत नाही. त्याला पुस्तक लागतं.

ते पुस्तक महाराष्ट्रानं आणि बडोद्यानं मिळून घडवलं, हे आपण फार लवकर विसरलो. 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बसवायला समिती नेमली. त्या वेळच्या खो-खोचं वर्णन वाचलं की गंमत वाटते. मैदानाला ठरलेला आकार नव्हता आणि खांबही नव्हते. खांबांच्या जागी दोन जाणते गडी बसायचे आणि पळणाऱ्यानं त्यांना वळसा घालून परत यायचं. म्हणजे नियमच नव्हे, खांबसुद्धा माणूसच होता! पुढे 1919 मध्ये मैदान लंबवर्तुळाकार ठरलं, मधली रेषा 44 यार्डांची. हुतूतूचे नियम 1918 च्या सुमाराला साताऱ्यात एकत्र आले आणि 1923 मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं ते छापून त्यांवर स्पर्धा भरवली. बडोद्यातच करंदीकर-मुजुमदारांचा व्यायाम ज्ञानकोश निघाला, अनेक खंडांचा. 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी हा खेळ दाखवून आला. परक्या देशात खेळ दाखवायचा तर तो सांगता यावा लागतो, आणि सांगता येण्यासाठी तो आधी लिहिलेला असावा लागतो.

छापील पुस्तिकेनं काय केलं? लोक म्हणतात, नियम सारखे केले. ते खरंच आहे, पण त्याहून मोठं काम वेगळंच होतं. तिनं नियमाला तारीख दिली. मुखपृष्ठावर आवृत्ती आणि साल. दोन पंचांचं जमेना, तर दोघांनी एकच पान उघडायचं आणि ते पान कोणत्या सालचं हे दोघांनाही दिसायचं.

ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही, म्हणून जरा आडवाटेनं जातो. ज्ञानेश्वरी शके 1212 ची. पुढच्या तीनशे वर्षांत नकला होत गेल्या, कोणी शब्द बदलला, कोणी आपली ओवी घातली. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला, शेवटी शक नोंदवला आणि यात कोणी आपली ओवी मिसळू नये असं बजावलं. भाविक त्यात भक्ती बघतात आणि बरोबरच बघतात. आम्हांला त्यात एक जागरूक संपादकही दिसतो. या क्षणापासून मजकूर असा आहे, असं ठामपणे म्हणणारा. जुन्या पोथीच्या शेवटी नकलाकार शक, तिथी, स्वतःचं नाव लिहायचा. त्या चार ओळी नसत्या तर आज अभ्यासकाला पोथी कोणत्या काळातली हे सांगताना घाम फुटला असता.

आता खिशाकडे येऊ. क्रिकेटचे नियम 1744 साली लिहिले गेले आणि ते हातरुमालाच्या कडेनं छापलेले आढळतात. खेळायला जाताना रुमाल खिशात आणि नियम रुमालावर. घाम पुसायचा आणि नियमही बघायचा. आजचं ॲप ही त्या रुमालाचीच पणती आहे असं म्हणायला हरकत नाही. मेरिलिबोन क्रिकेट क्लबचं ॲप आहे, फुटबॉलचं आहे, गोल्फचं आहे. शब्द टाकला की कलम समोर. पंचासाठी ही मोठी सोय आहे आणि आम्ही तिची टिंगल करणार नाही. 150 पानांच्या पीडीएफमध्ये दुपारी दीडच्या उन्हात बोटानं पानं सरकवत बसलेला पंच आम्ही पाहिलाय. बाजूला दोनशे माणसं शिट्ट्या मारताहेत आणि हा माणूस पडदा डोळ्यांजवळ धरून "थांबा, थांबा" म्हणतोय. ॲपमध्ये त्याला दहा सेकंदांत कलम सापडलं असतं.

मग अडचण कुठे आहे? ॲप रात्री स्वतःला बदलतं, तिथे. सकाळी उघडलं की नवा नियम, आणि जुना गेलेला. काही ॲपांत मागची आवृत्ती सापडते, पुष्कळांत नाही. क्रिकेटचंच घ्या. गोलंदाजानं नॉनस्ट्रायकरला धावबाद करणं, ज्याला 1947 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात विनू मंकडांनी बिल ब्राऊनला बाद केल्यापासून त्यांचं नाव चिकटलं. ही तरतूद नियम 41 मध्ये होती, आणि 41 म्हणजे अनुचित खेळाचं प्रकरण. 2022 मध्ये ती तिथून उचलून नियम 38 मध्ये, साध्या धावबादमध्ये ठेवली. अश्विननं बटलरला बाद केलं ते 2019 साली. म्हणजे त्या दिवशी ती तरतूद अनुचित खेळाच्या घरात राहत होती. आज नवा नियम हातात घेऊन कोणी म्हणेल, "छे, हे तर साधं धावबाद, वाद कसला घातलात?" तर तो आजच्या चष्म्यानं काल बघतोय. सामन्याचा न्याय सामन्याच्या दिवसाच्या नियमानं करायचा असतो. घटना घडल्यावर आलेला कायदा मागच्याला लावायचा नाही, हे न्यायालयात आपण मानतो. मैदानावर का मानू नये?

आणि पीडीएफ काही सोवळी नाही, हेही सांगून टाकतो. खरी पीडीएफ गोठलेली असते, हा तिचा गुण. पण आपल्याकडे ती फिरते कशी? व्हॉट्सॲपवर. पहिलं पान गळालेलं, मधली चार पानं तिरपी स्कॅन केलेली, फाईलचं नाव "नवीन फायनल 2". तिला तारीखच नाही. नुसत्या गोठण्याला काय किंमत, कधी गोठली हे कळत नसेल तर?

त्यात आता एकाच खेळाचे दोन-दोन नियमसंच नांदतात. 2014 ला प्रो कबड्डी आली. तीस सेकंदांची चढाई, लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी "करो या मरो". 2022 ला अल्टिमेट खो-खो आली. सात गडी आणि कुठल्याही दिशेला पळू शकणारा वझीर. पोरं दूरचित्रवाणीवर ते बघतात आणि शाळेच्या मैदानात नऊ गड्यांचा खो-खो खेळतात. मोबाईलमध्ये शोधलं तर आधी काय येतं? जे जास्त गाजलेलं ते. आजोबांच्या काळचा संजीवनी आणि गामिनीचा घोळ पुन्हा आलाय, फक्त आता म्हातारा मोबाईलमध्ये बसलाय.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका तालुक्यात, नाव नको, मुलींच्या कबड्डीत शेवटच्या मिनिटाला तिसरी रिकामी चढाई झाली. एका पंचानं चढाई करणारीला बाद दिलं, दुसऱ्यानं नाही. सरपंच, म्हणजे मुख्य पंच, ग्रामपंचायतीचे नव्हेत, दोघांच्या मधे उभे. पहिल्यानं ॲप दाखवलं, त्यात होतं. दुसऱ्यानं पीडीएफ दाखवली, तीत नव्हतं. आयोजकांच्या पत्रकात याबद्दल एक अक्षर नाही. तक्रार आमच्यापुढे आली. आम्ही तिघे होतो. ॲपमधला नियम कधीपासून लागू, हे त्या पडद्यावर नव्हतं. पीडीएफचं पहिलं पानच नव्हतं. पाऊण तास आम्ही चर्चा केली आणि शेवटी पंचाचा निर्णय अंतिम, असं म्हणून मोकळे झालो. मुलगी बाद राहिली आणि तिचा संघ एका गुणानं हरला. जिल्ह्याला दुसरा संघ गेला.

एका गुणाचं काय, असं शहरात कोणी म्हणेल. इथे बसलेल्यांना समजावून सांगायला नको. पुढच्या पातळीवर खेळलं तर दहावीला क्रीडागुण मिळतात. आणखी वर गेलं तर सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. माळरानावर दोन एकर कोरडवाहू असलेल्या घरात त्या प्रमाणपत्राला काय वजन असतं!

आमचा व्यवसाय नियमांच्या शंका काढण्याचा. विटगेनश्टाइननं दाखवलंय की कुठलाच नियम स्वतःला कसं लावायचं हे स्वतः सांगत नाही, शेवटी लावणारा माणूस लागतोच. आम्ही हे वर्गात तीस वर्षं सांगितलं. पण त्या दिवशी अडलं ते इतक्या खोल ठिकाणी नव्हतंच. नियम कसा लावायचा हा पुढचा प्रश्न. कुठला नियम, एवढंही आम्हांला ठाऊक नव्हतं.

तेव्हा त्या दोन पोरांना उत्तर असं. ॲप ठेवा, शोधायला. पण निर्णय द्यायला संघटनेकडून थेट घेतलेली पूर्ण पीडीएफ ठेवा, पहिल्या पानासकट. स्पर्धेच्या आदल्या दिवशी व्यवस्थापकांच्या बैठकीत आवृत्ती वाचून दाखवा. लीगचे कुठले नियम लागू आणि कुठले नाहीत ते दोन ओळींत लिहा आणि खाली सगळ्या संघांच्या सह्या घ्या. एक प्रत छापून गुणलेखकाच्या टेबलावर ठेवा, वर दगड ठेवून, आपल्याकडे वारा असतो. स्पर्धा चालू असताना ॲपनं काहीही नवं आणलं तरी ते पुढच्या स्पर्धेला. वेळ जातो, कटकट होते, मान्य. हजार रुपयांच्या ढालीसाठी एवढं कशाला, असं म्हणणारे भेटतील.

त्या दिवशी निकाल सांगितल्यावर त्या मुलीचे क्रीडाशिक्षक आमच्याकडे आले. ओरडले नाहीत. म्हणाले, "सर, निर्णय मान्य आहे. फक्त कोणत्या नियमावरून दिलात, ते कलम आणि साल कागदावर लिहून द्या. मला तिच्या वडिलांना सांगायचंय." आम्ही पेन काढलं, तारीख लिहिली, खाली "नियम क्रमांक" असं लिहिलं आणि तिथेच थांबलो. तो कागद अजून आमच्या टेबलाच्या खणात आहे.