सुवाह्य टंकलेखनयंत्रे : संग्रह व दुरुस्ती

पेटीत घालून हाताने नेता येतील अशी जुनी, हलकी टंकलेखनयंत्रे जमवून चालती करण्याचा छंद [→ टंकलेखन].

अमेरिकेत १९१२ साली आलेल्या ‘कोरोना ३’ची कागद धरणारी सरकती कॅरेज कळफलकावर दुमडत असे, त्यात कळांच्या तीनच ओळी होत्या. १९२० च्या ‘रेमिंग्टन पोर्टेबल’मध्ये चार ओळी आल्या. पुढे स्वित्झर्लंडचे ‘हर्मिस बेबी’ (१९३५) आणि मार्चेल्लो निझ्झोली यांनी घडवलेले इटलीचे ‘ऑलिव्हेट्टी लेत्तेरा २२’ (१९५०) ही यंत्रे गाजली. मुंबईच्या गोदरेज अँड बॉइसने १९५५ पासून केलेली यंत्रे मुख्यतः कचेरीतली, जड होती.

यंत्राचे साल सांगाड्यावरील अनुक्रमांकावरून ठरवतात. अक्षरांत साठलेली शाई स्पिरिट व ताठ ब्रशने निघते. अक्षरांच्या दांड्या अडकत असल्या, तर त्या ज्या अर्धचंद्राकृती खाचांत फिरतात तो भाग स्पिरिटने धुऊन कोरडा ठेवतात. तेथे तेल घालणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक : तेलात धूळ बसून चिकटा होतो आणि दांडी अर्ध्यावरच थांबते. कॅरेज ओढणारी दोरी तुटल्यास नवी ओवता येते, मात्र स्प्रिंगला पुन्हा ताण द्यावा लागतो. रबरी रूळ कालांतराने कडक होतो. मग ठसा खडबडीत उमटतो व कागद घसरतो. त्यावर रबर नव्याने चढवून घेतात. बहुतेक यंत्रांना सुमारे १३ मिमी. रुंदीची रिबन चालते. जुनी लोखंडी रिळे मात्र टाकून देत नाहीत.

औद्योगिक अभिकल्पाच्या इतिहासात या यंत्रांना स्थान आहे [→ औद्योगिक अभिकल्प]. ‘लेत्तेरा २२’ला १९५४ साली इटलीचा ‘कोंपासो द’ओरो’ पुरस्कार मिळाला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातही ते आहे.