हाडांतले पेव

शिरूर-दौंडकडच्या जुन्या घरांतून जोंधळा पेवात साठवीत. पेव उघडले की म्हातारी माणसे बजावीत, "लगेच उतरू नका, आधी कंदील सोडून बघा." कंदील विझला, तर आत प्राणवायू नाही असे समजायचे. जिथे माणूस गुदमरे, तिथे दाणा मात्र सुखरूप राही. किड्यालाही श्वास मिळत नसे ना!

आपल्या हाडांतही असेच एक पेव आहे. ते म्हणजे अस्थिमज्जा. बाहेरच्या हवेत प्राणवायू शेकडा २१. जिवंत उंदराच्या मज्जेत २०१४ साली मोजला, तेव्हा काही जागी तो शेकडा दीडहूनही कमी भरला. रक्ताचे बियाणे, म्हणजे मूलपेशी, अशा कोंदट जागी राहतात.

हे बियाणे आहे, हे १९६१ साली कॅनडात टिल आणि मॅकलॉक यांनी उंदरांवर दाखवून दिले. पुढे १९८८ साली पॅरिसला एका आजारी मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतले रक्त दिले, आणि तो बरा झाला. पण नाळेत रक्त ते किती? लहान मुलाला पुरते, थोराला अपुरे पडते. म्हणून मूलपेशी प्रयोगशाळेत वाढवू लागले. पेशी वाढल्या खऱ्या, पण पिकून गेल्या. पुन्हा पेरायला बी थोडेच उरले.

दोष कुणाचा? बराचसा प्राणवायूचाच! आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. ललिता लिमये व डॉ. वैजयंती काळे यांनी, पेशी गोठवताना प्राणवायूपासून होणारी इजा रोखणारी द्रव्ये मिसळून पाहिली. गोठवलेल्या पेशी त्यामुळे अधिक चांगल्या टिकल्या. हे काम २००१ साली प्रसिद्ध झाले. नंतर २०१५ साली अमेरिकेत ब्रॉक्समायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराची मज्जा आणि नाळेचे रक्त शेकडा ३ प्राणवायूतच काढले, तिथेच हाताळले. मूलपेशी कितीतरी जास्त हाती आल्या. साध्या हवेत काही मिनिटे गेली, तरी त्या आपले मूळपण सोडू लागतात.

सगळे काम बंद पेटीत करायचे, हे रुग्णालयात सोपे नाही. म्हणून ही रीत अजून सर्रास रुळलेली नाही. ती रुळली, तर एका नाळेतले रक्त थोर माणसालाही पुरेल, अशी आशा आहे. गुरुजींनी वर्गात एवढे जरूर सांगावे: प्राणवायू जीवन खराच, पण कुणाला किती, हे ज्याच्या त्याच्या घरावर ठरते.