करवतीचं कूळ सांध्यात

‘करवत’ हा शब्द संस्कृत ‘करपत्र’वरून आला. हातात धरायचं पान, म्हणजे पातं. या पात्याचं मूळ दुखणं असं, की पुढे गेलं की त्याला मागे यावंच लागतं, आणि परतीची खेप बहुधा फुकट जाते. चकतीच्या करवतीनं ते दुखणं घालवलं. इंग्लंडमध्ये सॅम्युअल मिलर यांनी तिचं पेटंट 1777 साली घेतलं. पण ताठ राहायला चकती जाड लागते, मग चांगलं लाकूड भुशात जातं, आणि वळणाचा काप तर तिच्या हातून निघतच नाही. पातळ पात्याची टोकं जोडून त्याचा वेढा करावा आणि तो दोन चाकांवरून फिरवावा, ही कल्पना लंडनच्या विल्यम न्यूबेरी यांनी 1808-09च्या सुमारास पेटंटात मांडली. अशा वेढ्याच्या करवतीचा, म्हणजे बँडसॉचा, जन्म बहुतेक ठिकाणी इथूनच मोजतात. मला ही तारीख पटत नाही. न्यूबेरींनी सांगाडा दिला. बँडसॉ जन्मली ती पात्याचा सांधा टिकला तेव्हा. ही नुसती तारखांची हुज्जत नाही. घरच्या सुतारकामासाठी जुनी बँडसॉ पुन्हा उभी करताना काय जपायचं आणि काय बेलाशक फेकायचं, तेही यावरच ठरतं.

पात्याच्या वाट्याला काय येतं त्याचा हिशेब मांडून बघावा. चाकं 36 इंची, मिनिटाला 500 फेरे, पातं सुमारे 20 फूट. म्हणजे पातं मिनिटाला 4,700 फूट धावतं, त्याचा प्रत्येक भाग मिनिटाला साधारण 235 वेळा पुरता फिरून येतो आणि दर फेरीत दोनदा वाकून दोनदा सरळ होतो. तासाला ही वाकणी 28,000 होतात. तार पुढे-मागे वाकवून तोडतात, तोच प्रकार, फक्त सबुरीनं चाललेला. आता यात सांधा घाला. टोकं तासून उतरती करायची, एकावर एक चढवायची, टाकणखार लावून पितळेचा किंवा चांदीचा डाख द्यायचा. सोनाराला यात नवल वाटणार नाही. पण सोनाराचा दागिना गळ्यात स्वस्थ बसतो. इथे ताप लागला की सांध्याभोवतीच्या पोलादाचं पाणी उतरतं. फार लवकर गार झालं तर तेवढाच तुकडा काचेसारखा ठिसूळ होतो. मऊ जागा ताणली जाते, ठिसूळ जागा तडकते, आणि सांधा जाड राहिला तर तो स्वतः वाकत नाही, सगळी वाकणी शेजारच्या पोलादावर ढकलतो. न्यूबेरींची कल्पना जवळजवळ 40 वर्षं कागदावर राहिली ती यामुळे. अमेरिकेत बेंजामिन बार्कर यांना 1836मध्ये बँडसॉचं पेटंट मिळालं, तरी गाडं तिथेच अडलेलं होतं.

ते सुटलं पॅरिसमध्ये. आन पोलँ क्रेपँ या बाईंनी पातं सांधण्याच्या युक्तीच्या पेटंटासाठी 1846मध्ये अर्ज केला आणि पुढे ते हक्क पेरँ कंपनीला विकले. पेरँनी त्या युक्तीला चांगल्या पोलादाची आणि पाणी देण्याच्या सुधारलेल्या रीतीची जोड दिली, तेव्हा कुठे दिवसभर चालणारं पातं बाजारात आलं. यावर कोणी म्हणेल की मग श्रेय पोलादाचं, सांध्याचं कसलं? आक्षेप अगदीच पोकळ नाही. लांबलचक, सगळीकडे सारखी जाड पट्टी काढणं तेव्हा अवघडच होतं. पण पातळ, लवचीक पोलाद काही न्यूबेरींनंतर जन्माला आलेलं नाही. घड्याळाची कमान त्याच्या कितीतरी आधीपासून गुंडाळली आणि उलगडली जात होती. कमानीला एकच सवलत होती, तिची दोन टोकं एकमेकांना जोडावी लागत नव्हती. पोलादाला त्याचा वाटा जरूर द्यावा, मोठा वाटा सांध्याचाच.

आता जुन्या यंत्राकडे येऊ. हौशी माणूस बहुतेकदा आधी रंग खरवडतो, बीडाच्या अंगावरची ठशातली अक्षरं उजळतो आणि चाकांवरचं मूळचं रबर, पातं रेषेत धरणारे मूळचे गाइड जपायची धडपड करतो. हे जपणं मला चुकीच्या जागी वाटतं. चाकावरची रबरी धाव हे पात्याचं अंथरूण. ती कडक झाली, तिचा मधला फुगवटा झिजला, की पातं चाकावर सरकू लागतं. मूळची म्हणून ती ठेवणं म्हणजे यंत्राचा जन्म ज्यामुळे झाला त्या पात्यालाच मारणं. ‘मग बीडाचा सांगाडाही गौण?’ असं कोणी विचारील. तो गौण नाही, कारण पात्याचा ताण तोच पेलतो. त्याला तडा असेल तर यंत्र घेऊच नये. बॅबिटच्या बेअरिंगांचं मात्र वेगळं. आयझॅक बॅबिट यांच्या 1839च्या पेटंटाची ही कुळी, कथील, अँटिमनी आणि तांब्याचा मिश्रधातू. झिजलं असेल तर शाफ्टवर दिव्याची काजळी धरावी, फटी मातीनं लिंपाव्यात, बीड आधी तापवून कोरडं करावं आणि रस पुन्हा ओतावा. ओल राहिली तर तो अंगावर उडतो. मिनिटाला 500 फेऱ्यांना तेल घातलेलं बॅबिट खुशाल पुरतं. बॉल बेअरिंग बसवायला जुनं बीड कोरणं हा उगाचचा उद्योग आहे.

खरी गफलत होते ती पातं निवडताना. जुना कारखानी दंडक असा, की पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास असावी. 36 इंची चाकाला 0.036 इंच चालतं. घरगुती 14 इंची यंत्रावर मात्र लोक सर्रास 0.025 इंचाचं पातं चढवतात, म्हणजे वाकण्याचा ताण दंडकाच्या पावणेदोनपट. पातं तुटलं की दोष म्हाताऱ्या यंत्राला. आता कोणी म्हणेल, आज विजेवर सांधलेली पाती तयार मिळतात, डाखाचा इतिहास उगाळायचा कशाला? त्याचं उत्तर यंत्र चालू केल्यावर कानाला मिळतं. दर फेरीला गाइडपाशी ‘टक्’ असा आवाज येतो. सांध्यावरचा उंचवटा नीट घासलेला नसतो, तो तिथे आपटतो. यंत्र बंद करावं, पातं उतरवावं आणि त्या जागेवरून कानस फिरवावी, बोटाला सांधा लागेनासा होईपर्यंत.