बियाणेवाल्याचा सोन्याचा पेला

इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यांत सेंट आल्बन्स नांवाचें एक पुरातन शहर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथें सॅम्युएल रायडर नांवाच्या गृहस्थानें बियाण्यांचा व्यापार थाटला. त्याचा जन्म १८५८ सालचा, लँकशरमधील वॉल्टन-ले-डेल या गांवचा. बाप पेशानें बागवान. त्या काळीं फुलाफळांचीं बियाणीं मोठ्या बागाईतदारांना परवडतील अशाच बेतानें विकलीं जात. घरामागें दोन हात जागा असलेल्या मजुरास तीं घेण्याची सोय नव्हती. रायडरनें एका पेनीस एक पुडी असा भाव ठेविला आणि ती पुडी टपालानें घरपोंच पाठविण्यास आरंभ केला. कल्पना अगदीं साधी. पण तिनें त्याचें भाग्य उघडलें. १९०५ सालीं तो सेंट आल्बन्सचा मेयर झाला.

अतिश्रमानें प्रकृति ढासळली तेव्हां मोकळ्या हवेंत फिरणें व्हावें म्हणून त्यास गोल्फ खेळण्याचा सल्ला मिळाला. त्या वेळीं त्याचें वय पन्नाशीच्या घरांत होतें. ज्या चिकाटीनें त्यानें पुड्या विकल्या त्याच चिकाटीनें तो गोल्फ शिकला. रविवार मात्र त्यानें देवासाठीं राखून ठेविला होता. त्या दिवशीं तो काठीस हात लावीत नसे. पुढें त्यानें एब मिचेल या नामांकित खेळाडूस आपला खाजगी शिक्षक नेमिलें आणि या नेमणुकीमुळेंच एका बियाणेवाल्याचें नांव क्रीडेच्या इतिहासांत कायमचें राहिलें.

पुढील हकीकत नीट कळण्यास या खेळाचें स्वरूप थोडेंसें सांगितलें पाहिजे. विस्तीर्ण मैदानांत अठरा खळगे असतात. चेंडू काठीनें टोलवीत नेऊन अखेर त्या खळग्यांत घालावयाचा, आणि तें कमींत कमी टोल्यांत साधावयाचें. दोघे प्रतिस्पर्धी समोरासमोर खेळतात तेव्हां ज्याचे टोले कमी त्यानें तो खळगा जिंकला, असा हिशेब असतो. प्रतिपक्षाचा चेंडू खळग्याच्या अगदीं तोंडाशीं आला असेल तर ‘हा टोला तुम्ही मारलाच असें समजूं’ असें म्हणून तो सोडून देण्याची मुभा आहे. ही मुभा वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. जोडीच्या एका प्रकारांत दोन सोबती मिळून एकच चेंडू आळीपाळीनें मारतात. म्हणजे एकानें चेंडू झुडपांत घातला तर तो बाहेर काढण्याचें काम दुसऱ्याच्या वांट्यास येतें. मित्राच्या स्वभावाची परीक्षा पाहण्यास याहून चांगला खेळ क्वचितच सांपडेल.

त्या काळीं गोल्फ खेळणाऱ्यांच्या दोन जाती होत्या: हौशी आणि धंदेवाईक. क्रिकेटांतही हा भेद असल्याचें पुष्कळांस ठाऊक असेल. लॉर्ड्सच्या मैदानावर ‘जंटलमेन’ विरुद्ध ‘प्लेअर्स’ हा सामना १९६२ सालापर्यंत होत असे. गोल्फमधील धंदेवाईक म्हणजे बहुधा लहानपणीं दुसऱ्यांच्या काठ्या वाहून वर आलेला गरिबाचा मुलगा. काठ्या दुरुस्त करणें, सभासदांना शिकविणें, प्रसंगीं बक्षिसासाठीं खेळणें ही त्याची उपजीविका. सभासद त्याच्या हाताखालीं शिकत, त्याच्या कौशल्याची वाहवा करीत. पण क्लबाच्या इमारतीचें पुढचें दार त्यास बंद असे. १९२० सालीं इंग्लंडांत डील येथें खुल्या स्पर्धेसाठीं वॉल्टर हेगन हा अमेरिकन आला. त्यालाही आंत मज्जाव झाला. तेव्हां या छानछोकीच्या गड्यानें एक भारी मोटार भाड्यानें आणून क्लबाच्या दारासमोरच उभी केली आणि तींतच तो कपडे बदलूं लागला. त्याच वर्षीं अमेरिकेंतील टोलेडो शहरीं इन्व्हर्नेस क्लबानें राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळीं धंदेवाईकांस आपल्या इमारतींत सन्मानानें घेतलें. खेळाडूंनीं कृतज्ञतेनें त्या क्लबास एक उंच घड्याळ भेट दिलें. ती स्पर्धा जिंकणारा टेड रे हा ब्रिटिश होता.

हौशी खेळाडूंसाठीं इंग्लंड-अमेरिकेंत वॉकर चषकाचा सामना १९२२ सालींच सुरू झाला होता. पोटासाठीं खेळणाऱ्यांना मात्र आपल्या देशाच्या नांवानें खेळण्याचें असें कायमचें निमित्त नव्हतें. १९२१ सालीं ग्लेनईगल्स येथें एक सामना झाला व तेवढ्यावरच राहिला. १९२६ सालीं वेंटवर्थ येथें पुन्हां दोन्ही पक्ष भेटले. ब्रिटिशांनीं १३½ विरुद्ध १½ असा दणदणीत विजय मिळविला आणि त्यांत मिचेलचा पराक्रम मोठा होता. परंतु अमेरिकेच्या बाजूनें खेळणाऱ्या बार्न्स व आर्मर यांच्यासारख्यांचा जन्म ब्रिटनमधलाच. म्हणून तो सामना अधिकृत गणला गेला नाहीं. रायडर मात्र तेथें जें पाहिलें त्यानें हर्षभरित झाला होता. त्यानें पेला देण्याचें ठरविलें. सोन्याचा, सुमारें सतरा इंच उंच आणि चार रत्तल वजनाचा हा पेला मॅपिन अँड वेब यांनीं घडविला. किंमत २५० पौंड. त्यांतील १०० रायडरनें दिले, बाकीचे ‘गोल्फ इलस्ट्रेटेड’ या नियतकालिकानें आणि सेंट अँड्र्यूज येथील क्लबानें घातले. झांकणावर गोल्फ खेळणाराची छोटी मूर्ति आहे. ती मूर्ति कोणा उमरावाची नव्हे, एब मिचेलची आहे. ज्याला पुढच्या दारानें आंत घेत नसत त्यालाच रायडरनें सोन्यांत घडवून शिरोभागीं बसविलें.

पहिला सामना जून १९२७ मध्यें अमेरिकेंतील वुस्टर येथें ठरला. प्रवासासाठीं ३००० पौंडांची वर्गणी मागण्यांत आली; बहुतेक क्लब स्वस्थ बसले. तूट राहिली ती भरून काढण्यास रायडरच पुढें आला. आणि निघण्याच्या सुमारास संघाचा नायक मिचेल आंत्रपुच्छाच्या विकारानें अंथरुणास खिळला! ज्याची मूर्ति पेल्यावर होती तोच पहिल्या सामन्यास मुकला. त्याच्या जागीं टेड रे नायक होऊन ‘अक्विटानिया’ जहाजानें गेला. अमेरिकेनें ९½ विरुद्ध २½ अशी बाजी मारली.

त्यापुढील तीन सामन्यांत यजमान जिंकावा आणि पाहुण्यानें हरावें असा क्रम चालला. १९२९ सालीं लीड्सजवळ मूरटाउन येथें ब्रिटिश नायक डंकन यानें खुद्द हेगनचा मोठ्या फरकानें पराभव केला. १९३१ सालीं मात्र ब्रिटिशांनीं स्वतःच्याच नियमानें आपले हात बांधून घेतले. खेळाडू ब्रिटनमध्यें जन्मलेला तर हवाच, पण राहणाराही तेथलाच हवा, असा नियम होता. त्यामुळें बर्लिनला नोकरीस असलेला पर्सी ॲलिस आणि फ्रान्समधील ऑब्री बूमर यांस वगळावें लागलें. हेन्री कॉटन संघाबरोबरच परत येण्याची अट मानीना, म्हणून तोही घरीं राहिला. ओहायोंत ९ विरुद्ध ३ असा पराजय पदरीं आला. ‘आपला’ कोणास म्हणावें हा प्रश्न या पेल्याच्या इतिहासांत तेव्हांपासून आहे.

१९३३ सालचा साउथपोर्टचा सामना जुन्या सामन्यांत सर्वांत रंगलेला म्हणावा लागेल. ब्रिटिश संघाचा नायक जे. एच. टेलर हा साठी उलटलेला जुना योद्धा होता. त्यानें आपल्या गड्यांना भल्या पहांटे समुद्रकांठच्या वाळूंत धांवावयास लाविलें. अकरा सामने संपले तेव्हां दोन्ही पक्ष ५½ गुणांवर होते. उरली होती ईस्टरब्रुक आणि शूट यांची एकच लढत, आणि ती छत्तिसाव्या म्हणजे अखेरच्या खळग्यापर्यंत बरोबरींत येऊन ठेपली. प्रिन्स ऑफ वेल्स हजर होते. हेगन त्यांच्याजवळ उभा होता. शूटनें सावधपणें खेळावें हें सांगावयास जावें तर युवराजांचा उपमर्द होतो, या विचारानें तो जागचा हलला नाहीं असें सांगतात. शूटनें चेंडू जोरानें मारिला, तो खळग्यापलीकडे गेला, आणि परतीचा टोलाही चुकला. ईस्टरब्रुकनें आपला चेंडू अचूक घातला. पेला ब्रिटनकडे आला. रायडरच्या हयातींत त्याच्या देशाचा हा शेवटचा विजय ठरला. तो जानेवारी १९३६ मध्यें वारला.

त्यानंतरची हकीकत ब्रिटिशांच्या दृष्टीनें उदास आहे. युद्धामुळें दहा वर्षें सामने बंद पडले. १९४७ सालीं ब्रिटनकडे संघ पाठविण्यास पैसा नव्हता, तेव्हां पोर्टलंडचा रॉबर्ट हडसन या फळांच्या व्यापाऱ्यानें सारा खर्च उचलला. एका बियाणेवाल्यानें लाविलेलें रोप दुसऱ्या फळवाल्यानें जगविलें, एवढेंच. बाकी खेळांत ११ विरुद्ध १ असा फडशा उडाला. १९३५ पासून १९८३ पर्यंत ब्रिटिश बाजूचा विजय एकच, १९५७ सालीं लिंड्रिक येथें डाय रीसच्या नायकत्वाखालीं मिळालेला. आणि बरोबरी एक.

ती बरोबरी सप्टेंबर १९६९ मध्यें रॉयल बर्कडेल येथें झाली. सामन्याचें वातावरण मुळींच गोड नव्हतें. गवतांत हरवलेला प्रतिपक्षाचा चेंडू शोधण्यास मदत करूं नका, अशी तंबी ब्रिटिश नायक एरिक ब्राऊन यानें आपल्या गड्यांना दिली होती. एका जोडीच्या खेळांत तर उघड बाचाबाची झाली. तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं ३२ पैकीं ३१ सामने आटोपले आणि गुण १५½–१५½ असे समसमान राहिले. मैदानांत दोघेच उरले: त्याच उन्हाळ्यांत इंग्लंडची खुली स्पर्धा जिंकलेला टोनी जॅकलिन आणि अमेरिकेचा जॅक निक्लॉस. सतराव्या खळग्यास जॅकलिननें फार लांबून चेंडू घालून बरोबरी साधली. अठराव्याच्या हिरवळीवर निक्लॉसनें आपला चेंडू घातला. आतां जॅकलिनच्या चेंडूस दोनतीन फुटांचें अंतर होतें. अंतर क्षुल्लक, पण सारें राष्ट्र डोळे लावून बसलें असतां एवढ्याशा अंतरानें भल्याभल्यांचे हात कांपले आहेत. चुकला असता तर अमेरिकेचा निर्भेळ विजय होता. निक्लॉसनें खालीं वांकून जॅकलिनच्या चेंडूची खूण उचलली आणि तो टोला सोडून दिला. १६–१६. पेला आधींच अमेरिकेकडे असल्यामुळें नियमानें तो तेथेंच राहिला. तरीही अमेरिकन नायक सॅम स्नीड यास हें औदार्य रुचलें नाहीं. संघाच्या मालकीचा विजय एकट्यानें कां द्यावा, हा त्याचा आक्षेप अगदींच बिनबुडाचा नव्हता. मात्र लोकांनीं स्नीडचा हिशेब विसरून निक्लॉसची कृति लक्षांत ठेविली. दोघांच्या मैत्रीचें स्मारक म्हणून फ्लोरिडांतील एका गोल्फ-मैदानास पुढें ‘कन्सेशन’ असेंच नांव देण्यांत आलें.

याच निक्लॉसनें १९७७ सालीं, पुन्हां एका एकतर्फी विजयानंतर, ब्रिटिश संघटनेचे अध्यक्ष लॉर्ड डर्बी यांस सुचविलें कीं दार सगळ्या यूरोपास उघडावें. बर्लिनला राहतो म्हणून ॲलिसला वगळणारा पेला आतां स्पेन-जर्मनीच्या खेळाडूंस आपले म्हणूं लागला. १९७९ सालीं बालेस्तेरोस व गारिदो हे स्पॅनिश प्रथम उतरले. दोनच वर्षांनीं पैशाच्या वादावरून बालेस्तेरोसला वगळण्यांत आलें! १९८३ सालीं जॅकलिन नायक झाला तेव्हां त्यानें आधीं अटी घातल्या: आपले खेळाडू काँकॉर्ड विमानानें जातील आणि उत्तम कपडे लेतील. वरवर पाहतां ही चैन वाटते. पण हेगन मोटारींत कपडे कां बदलत होता हें ज्याला ठाऊक आहे त्याला तिचा अर्थ निराळा लागेल. त्या वर्षीं यूरोप एका गुणानें हरला, १९८५ सालीं बेल्फ्री येथें १६½–११½ असा जिंकला, आणि १९८७ सालीं निक्लॉसनेंच रचलेल्या ओहायोच्या मैदानावर अमेरिकेस घरांत प्रथमच हरविलें.

चुरस आली तशी कटुताही आली. १९९१ सालीं कियावा बेटावर कांहीं अमेरिकन खेळाडू सैनिकी रंगाच्या टोप्या घालून उतरले. इराकची लढाई नुकतीच संपली होती. तेथें सारा भार जर्मनीच्या लँगरच्या सहा फुटांच्या टोल्यावर येऊन पडला आणि चेंडू खळग्याच्या कडेनें निसटला. पुढच्याच आठवड्यांत त्यानें स्वदेशीं एक स्पर्धा जिंकली, यावरून त्याच्या मनाची घडण दिसते. १९९९ सालीं ब्रुकलाइन येथें लेनर्डचा लांब टोला पडतांच अमेरिकन खेळाडू व मंडळी हिरवळीवर धांवली. प्रतिस्पर्धी ओलाथाबालचा टोला अजून व्हावयाचा होता. बर्कडेलहून तें अंतर तीस वर्षांचें खरेंच, पण मनानें त्याहून दूरचें वाटतें.

या पेल्यास रोख बक्षीस नाहीं. पैशासाठीं खेळणाऱ्यांचा हा सामना पैशावांचून चालत आला. अमेरिकन खेळाडूंच्या नांवें दानधर्मासाठीं रक्कम दिली जाई. २०२५ सालीं न्यूयॉर्कजवळ बेथपेज येथें मात्र प्रत्येकास ५ लाख डॉलर ठरले, पैकीं ३ लाख दानासाठीं आणि २ लाख त्याचे स्वतःचे. यूरोपच्या बारा जणांनीं कांहींच घेतलें नाहीं. सामना यूरोपनें १५ विरुद्ध १३ असा जिंकला.